बंद घरांची आयरिश ग्रँट: मेन स्ट्रीटवरचं जुनं घर राहतं केल्यावरचा रिव्ह्यू

आयर्लंडमधे बंद पडलेली घरं पुन्हा राहती करायला सरकार जी ग्रँट देतं, व्हेकंट प्रॉपर्टी रिफर्बिशमेंट ग्रँट असं तिचं लांबलचक नाव, ती घेऊन आम्ही मिडलँड्समधल्या, म्हणजे देशाच्या मधल्या भागातल्या, एका छोट्या शहराच्या मेन स्ट्रीटवरची जुनी बिल्डिंग दुरुस्त केली, खाली दुकान आणि वर दोन मजले घर, आणि आता तिथेच राहतोय. इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सारखं कोणीतरी विचारत असतं की ही ग्रँट खरंच हातात पडते का, कागदपत्रं किती लागतात, जुन्या घराच्या भानगडीत पडावं का, म्हणून एकदाच सगळं बैजवार लिहून काढते. पाचपैकी चार स्टार. एक स्टार का कापला ते पुढे येईलच, घाईत असाल तर पैशांचा आणि दुकानाचा भाग तरी वाचाच.

आधी ग्रँट काय आहे ते. जुलै २०२२ मधे सुरू झाली तेव्हा फक्त छोटी शहरं आणि खेड्यांसाठी होती, त्याच वर्षाच्या शेवटी मोठी शहरं आणि लांबवरच्या वस्त्याही त्यात घेतल्या. सुरुवातीला रिकाम्या घराला ३० हजार युरो होते, मे २०२३ पासून ५० हजार झाले, आणि घर पडायला आलेलं, धोकादायक असेल तर त्यावर अजून २० हजार, म्हणजे एकूण ७० हजार. ही वाढ झाली तेव्हा इथले पंतप्रधान लिओ वराडकर होते, मालवण तालुक्यातल्या वराडचे मूळ असलेले, हे सासऱ्यांना सांगितलं तर त्यांना ग्रँटपेक्षा त्याचंच जास्त कौतुक. घर २००७ पर्यंतचं बांधलेलं हवं, निदान दोन वर्षं रिकामं असल्याचा पुरावा हवा, आणि दुरुस्त झाल्यावर एकतर तुम्ही स्वतः राहायचं किंवा भाड्याने द्यायचं. सुट्टीपुरतं घर म्हणून ठेवायचं किंवा टुरिस्ट लोकांना चार-चार दिवस द्यायचं असेल तर विसरा. एका माणसाला जास्तीत जास्त दोन ग्रँट मिळतात, एक राहत्या घराला आणि एक भाड्याच्या घराला.

आता मुळात एवढी घरं रिकामी का, हे समजून घेतल्याशिवाय जुनं घर शोधायला जाऊ नका, कारण घर ज्या कारणाने बंद पडलं त्याच कारणाने ते तुमच्या हातात यायलाही वेळ लागतो. इथे घरांची टंचाई किती आहे ते राहणाऱ्यांना सांगायला नको, डब्लिनमधे भाड्याचं घर बघायला लोक रांग लावून उभे असतात, आणि त्याच देशात एप्रिल २०२२ च्या जनगणनेत १,६६,७५२ घरं रिकामी निघाली, हॉलिडे होम वेगळी काढून. त्यातली ४८,३८७ घरं २०१६ च्या जनगणनेतही रिकामीच होती. आमच्या शहरात मेन स्ट्रीटवर चालत गेलं तर हे मोजायला जनगणनाही लागत नाही, खाली टेकअवे किंवा बुकी चालू असतो आणि वर बघावं तर खिडकीला फळकुट ठोकलेलं, गटारातून झाड उगवलेलं, एका धुराड्यात तर बडलियाचं झुडूप फुललेलं, जांभळी फुलं लांबून दिसायची.

कारण एकच नसतं. पूर्वी दुकानदाराचं कुटुंब दुकानाच्या वरच राहायचं, पुढच्या पिढीने शहराबाहेर रस्त्याला लागून बंगले बांधले, गाडी आली, मग वरच्या खोल्यांमधे माल ठेवायला लागले. जिना दुकानातूनच वर जाणारा, त्यामुळे दुकान दुसऱ्याला भाड्याने दिलं की वरचं घर आपोआप कुलपात. मग बायपास झाला, फुकट पार्किंगवाली मोठी दुकानं शहराबाहेर गेली, २००८ ची मंदी आली, आणि उरलंसुरलं बँकांनी केलं, बँक ऑफ आयर्लंडने २०२१ मधे एका फटक्यात ८८ शाखा बंद केल्या, अल्स्टर बँक तर पुढे देशातूनच गेली. बँक गेली की शुक्रवारी पैसे काढायला येणारा म्हातारा माणूस येईनासा होतो आणि तो आला की जिथे चहा प्यायचा, पेपर घ्यायचा तीही दुकानं रडायला लागतात.

आणि दुसरं कारण म्हणजे म्हातारपण. मालक नर्सिंग होममधे गेला की घर बंद. फेअर डील म्हणून इथे नर्सिंग होमच्या खर्चात माणसाच्या ऐपतीप्रमाणे त्याचा वाटा घेऊन बाकीचा सरकारने उचलायची योजना आहे, त्यात घर भाड्याने दिलं तर त्या भाड्यातले ८० टक्के पूर्वी त्या वाट्यात जायचे, मग कोण कशाला देईल भाड्याने, मुलं सरळ कुलूप लावायची. नोव्हेंबर २०२२ मधे ते ४० टक्क्यांवर आणलं आणि फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण काढून टाकलं, ही अतिशय शहाणपणाची गोष्ट केली असं माझं मत. पण माणूस गेल्यावर पुढे मृत्युपत्र, त्याला कोर्टाची मान्यता म्हणजे प्रोबेट, एक भाऊ बॉस्टनमधे एक बहीण सिडनीत, सही कोणाची राहिली, हे सगळं आपल्याला नवीन आहे का. आमचा सातारचा वाडा असाच बसलाय, सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर चुलत, चुलत-चुलत धरून इतकी नावं आहेत की दुरुस्ती करायची म्हटली तर आधी निम्म्या लोकांचे पत्ते शोधावे लागतील, आणि पुण्या-मुंबईकडे तर जुन्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या दरात गोठवून ठेवली त्यामुळे मालकाने कौलं बदलायची कशातून हा प्रश्न वेगळाच. कोकणात गणपतीपुरती उघडणारी घरं आहेत ती अजून वेगळी. आपल्याकडे हे सगळं ज्याच्या त्याच्या घरातलं भांडण म्हणून सोडून देतात. इथे निदान सरकारने ते सार्वजनिक प्रश्न म्हणून हातात घेतलं, त्यासाठी पैसे ठेवले, मला या ग्रँटचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच आहे.

कौन्सिलमधे, म्हणजे इथल्या नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेत, यासाठी व्हेकंट होम्स ऑफिसर म्हणून माणूस नेमलेला असतो. घर बघायला सुरुवात करायच्या आधी त्याला भेटा, हा माझा सगळ्यात पहिला सल्ला. आम्हाला ज्या बाई भेटल्या त्यांच्यासाठी तर वेगळे पाच स्टार, कारण त्यांना रस्त्यावरचं एकेक घर पाठ होतं, कुठलं विकायचं आहे, कुठल्याचा मालक परदेशात आहे, कुठल्यात हात घालू नका. घर विकत घ्यायच्या आधीच, म्हणजे व्यवहार चालू आहे असं सॉलिसिटरचं किंवा एजंटचं पत्र आणि मालकाची संमती दाखवून अर्ज करता येतो आणि तत्त्वतः मंजुरी मिळते हे आम्हाला त्यांनीच सांगितलं, नाहीतर आम्ही आधी खरेदी मग अर्ज असंच धरून चाललो असतो.

एक नियम मात्र पाटीवर लिहून ठेवा. मंजुरीचं पत्र यायच्या आधी एक खिळासुद्धा ठोकायचा नाही. मंजुरीआधी केलेलं काम ग्रँटमधे धरत नाहीत. छप्पर गळतंय, पावसाळा आहे (इथे तो कधी नसतो?), तरी ताडपत्री घालून थांबा.

रिकामं असल्याचा पुरावा म्हणून विजेची बिलं सगळ्यात चांगली, शून्य युनिट दिसतं. आमच्या घराचा मीटर कित्येक वर्षं बंद होता, त्यामुळे पुरावा लगेच मिळाला, पण तोच मीटर पुन्हा चालू करायला गेलो तर नवीन कनेक्शन घेतल्यासारखी सगळी प्रोसेस, आधी पूर्ण वायरिंग नवीन करून इलेक्ट्रिशियनचं सर्टिफिकेट द्या मग पुढचं, आणि तोपर्यंत कारागिरांची मशीन शेजारच्या पबमधून वायर ओढून चालवली. असं बंद मीटरचं घर असेल तर विजेचा अर्ज पहिल्याच दिवशी टाका.

७० हजारवाली ग्रँट हवी असेल तर घर धोकादायक आहे असा इंजिनिअरचा किंवा तत्सम माणसाचा रिपोर्ट लागतो. आमचं बसलं त्यात, मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा होता आणि वरच्या मजल्याचे वासे भिंतीत शिरतात तिथे हाताने कुस्करले जात होते. मग कोटेशन, तेही ढोबळ चालत नाही, ग्रँटमधे कामांचे वेगवेगळे हेड आहेत, पाडकाम आणि साफसफाई, पाया, भिंती आणि छप्पर, खिडक्या-दारं, आतलं फिनिशिंग, प्लंबिंग-वायरिंग, आणि प्रत्येकाला किती धरायचं ते ठरलेलं, त्याप्रमाणे कंत्राटदाराकडून तोडून घ्यावं लागतं. सोफा, फ्रीज असल्या गोष्टी अर्थातच नाहीत. मग कौन्सिलचा टेक्निकल माणूस येऊन बघून जातो. आमच्या कौन्सिलमधे (नाव घेत नाही) ही बघून जायची तारीख मिळेपर्यंत जीव मेटाकुटीला आला, ऑफिसर बाई मदत करायला तयार, पण टेक्निकल स्टाफ इनमिन मोजका आणि अर्ज ढिगाने. देशभरात अर्ज दहा हजारांच्या वर गेलेत, त्या मानाने तपासायला माणसं वाढवली पाहिजेत हे कोणीही सांगेल.

आता पैसे. इथे नीट लक्ष द्या.

ग्रँट मंजूर झाली म्हणजे पैसे मिळाले असं नाही. पैसे सगळं काम पूर्ण झाल्यावर, बिलं दिल्यावर, कौन्सिलचा माणूस पुन्हा येऊन बघून गेल्यावर मिळतात. तोपर्यंत सगळा खर्च तुमचा. कंत्राटदार टप्प्याटप्प्याने पैसे मागणार, छप्पर झालं द्या, खिडक्या आल्या द्या, त्यावर १३.५ टक्के व्हॅट, आणि कागदावर तुमच्या नावाचे ७० हजार नुसते बसलेले. बरं बँकेकडे जावं तर ज्या घरात किचन नाही, बाथरूम नाही त्याला साधं होम लोन द्यायला बँका तयार नसतात, घर राहण्यालायक झाल्यावर या म्हणतात. आम्ही आमची सगळी बचत घातली आणि वरचं क्रेडिट युनियनमधून, म्हणजे आपल्या पतपेढीसारख्या संस्थेतून, उचललं, काही क्रेडिट युनियन या ग्रँटच्या मंजुरीपत्रावर मधल्या काळापुरतं लोन देतात, व्याज जातं पण काम थांबत नाही. २०२४ पासून कौन्सिलमार्फत घर घेऊन दुरुस्त करायचं एक लोनही सुरू झालंय, बँकेने नाही म्हटलेल्या लोकांसाठी, तेही बघून ठेवा.

याचा अर्थ काय होतो ते बघा. ज्याच्याकडे आधीच लाखभर युरो उभे करायची ऐपत आहे त्यालाच ग्रँट उपयोगी. आमच्यासारखी दोन पगारांची माणसं कशीबशी पार पडली, पण शेजारच्या गल्लीत माझ्या कंपनीतली एक सिंगल मदर राहते, तिच्या आजीचं घर दोन चौक सोडून बंद आहे, कागद तिच्या नावावर, ग्रँटच्या सगळ्या अटींत बसते, आणि तरी तिला करता येत नाही कारण सुरुवातीचे पैसे नाहीत. तिचं घर बंद आणि ती भाड्याने राहते. टप्प्याने पैसे द्यायला सरकारला जमत नाही असं नाही, इन्सुलेशन आणि हीट पंपासाठी एसईएआय या सरकारी ऊर्जा संस्थेच्या ज्या ग्रँट आहेत त्यात वन स्टॉप शॉपमार्फत, म्हणजे सगळं काम एकत्र करून देणाऱ्या कंपनीमार्फत, काम केलं तर ग्रँटची रक्कम बिलातूनच वजा होते, तुम्ही फक्त वरचे पैसे भरता. तसंच इथे छप्पर झालं की तपासा आणि तेवढे द्या, एवढं केलं तरी कितीतरी घरं उघडतील. माझा एक स्टार मुख्यतः इथे गेला.

(एसईएआयच्या ग्रँट या ग्रँटसोबत घेता येतात, फक्त एकाच कामाला दोन्हीकडून नाही. इन्सुलेशन तिकडे टाका, छप्पर-भिंती इकडे.)

कामाबद्दल. जुन्या आयरिश बिल्डिंगला दगडाच्या जाडजूड भिंती असतात, दोन फुटांच्या आसपास, चुन्यात बांधलेल्या. आमच्या घराला कोणीतरी मागच्या काळात बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला होता, आतून जिप्सम आणि वर ऑइलपेंट. चुन्याची भिंत पाणी घेते आणि सोडते, तिला दोन्हीकडून असं बंद केलं की आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही, भिंत कायम ओली, पोपडे येतात, आणि वाशांची टोकं कुजतात ती यानेच. पहिल्या कंत्राटदाराने बघितलं आणि म्हणाला वॉटरप्रूफिंगचा कोट मारू, आतून बोर्ड लावून झाकून टाकू. आम्ही त्याला नको म्हटलं आणि एक वयस्कर गवंडी शोधला, चुन्याचं काम करणारा, सत्तरी ओलांडलेला माणूस, त्याने हातोडी-छिन्नीने सिमेंट सुटं करून दाखवलं, मागून दगड निघाला तो बोटाला गार आणि चिकट लागला, आणि म्हणाला आता याला एक उन्हाळा मोकळा सोडा. आणि खरंच सोडला. सप्टेंबरपर्यंत तोच दगड फिकट पडला, हात लावला तर पांढरी पूड यायची, मग त्याने आत चुना आणि कॉर्क मिसळलेला गिलावा केला, ज्याने थोडं इन्सुलेशनही होतं आणि भिंतीचा श्वास चालू राहतो. सासूबाई व्हिडिओ कॉलवर बघत होत्या, त्यांना चुन्याची घाणी माहिती, त्यांच्या लहानपणी वाड्याच्या दुरुस्तीला बैल लावून चुना मळलेला त्यांनी बघितलाय, त्या म्हणाल्या, "अगं त्याला विचार गूळ-बिबा काही घालतात का रे तुमच्याकडे." मी विचारलं. तो म्हणाला गूळ नाही पण पूर्वी जनावरांचे केस घालायचे, तडे जाऊ नयेत म्हणून, आणि आमच्याच भिंतीतून निघालेल्या गिलाव्याचा तुकडा फोडून आतले केस दाखवले, लालसर, गाईचे. हे मी दोघांच्यात दुभाषी होऊन बोलत होते आणि तो माणूस आमच्या सासूबाईंना कॉलवर हात करत होता.

खिडक्यांचंही तसंच, वर-खाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्या, प्लॅस्टिकच्या लावा म्हणून सगळे सांगत होते पण चौकटीच्या बाजूची फळी काढली तर आत लोखंडी वजनं दोरीला लटकलेली जशीच्या तशी होती, फक्त दोऱ्या कुजलेल्या. दोरी बदलली, खालचं कुजलेलं लाकूड कापून नवीन बसवलं, आतून दुसरी काच लावली, झालं. दुरुस्ती नव्या खिडकीच्या जवळपासच गेली आणि छपरावरच्या जुन्या निळसर स्लेट पण निम्म्याहून जास्त परत वापरता आल्या.

मुदतीचं भान ठेवा. आम्हाला मंजुरीपासून १३ महिन्यांत काम पुरं करायचं होतं, आणि चुन्याच्या भिंतीला सुकायला एक अख्खा उन्हाळा द्यायचा म्हणजे वेळ किती उरतो बघा. जुन्या बिल्डिंगच्या बाबतीत ही मुदत कमीच आहे, ती पाळायला लोक घाईघाईने बोर्ड लावून ओल झाकतात आणि काही वर्षांत पुन्हा तेच दुखणं. मुदत वाढवून मागता येते का ते ऑफिसरला सुरुवातीलाच विचारा, शेवटच्या महिन्यात नाही.

आता दुकान. याबद्दल फारसं कोणी बोलत नाही आणि मला यावरच जास्त बोलायचंय. ग्रँट घरासाठी आहे. खालचं दुकान दुकान म्हणून ठेवलं तर त्याच्या दुरुस्तीला या ग्रँटमधून एक पैसा नाही. पण तेच दुकान काढून तिथे दिवाणखाना केला तर तो घरात धरतात. वर २०१८ पासून रिकामं दुकान घरात बदलायला ठराविक अटींमधे प्लॅनिंग परमिशनही लागू नये असा नियम केलेला, २०२२ मधे त्यात बंद पबही आणले, नुसतं काम सुरू करायच्या दोन आठवडे आधी कौन्सिलला कळवायचं. हेतू चांगलाच आहे, एरवी परमिशनमधे वर्ष जायचं, आणि शहराच्या टोकाला जी दुकानं पुन्हा कधीच चालणार नाहीत त्यांचं घर झालेलं केव्हाही चांगलं. पण भर चौकात, जिथे पोस्ट आहे, बस थांबते, तिथेही माणूस हिशोब असाच करणार ना, की दुकान ठेवलं तर पदरचे पैसे आणि काढलं तर सरकारचे. आमच्याच रस्त्यावर एक जुनं हार्डवेअरचं दुकान असं घर झालं, शोकेसच्या जागी धुरकट काच, पडदे कायम ओढलेले, साहजिकच आहे, फुटपाथवर कोण पडदा उघडा ठेवून बसेल. राहणाऱ्यांना दोष नाही. पण त्या बाजूने आता कोणी चालत नाही.

आम्ही दुकान ठेवलं. ठेवायचं म्हणजे खर्च होता, घराला दुकानातून न जाता वेगळा दरवाजा आणि जिना हवा, त्यासाठी दुकानाची एक बाजू तोडून अरुंद पॅसेज काढला, आणि दुकान आणि घर यांच्यामधे एक तास आग अडवेल असं छत करावं लागलं, दुहेरी फायर बोर्ड, पाइप जातात तिथली प्रत्येक फट बंद. जिन्याचा भाग घराचा म्हणून ग्रँटमधे बसला, दुकानाकडचं सगळं आमच्या खिशातून. समोरची लाकडी पाटी, दोन्ही बाजूचे खांब, वरचे कोरीव ब्रॅकेट सगळं तसंच ठेवून रंगवलं, खरवडताना खाली जुन्या मालकाचं नाव निघालं, ते खरवडलं नाही, त्यावर नवीन पाटी लावली. आता तिथे एक पोलिश माणूस सायकली दुरुस्त करतो. भाडं आम्ही मुद्दाम कमी ठेवलंय पहिली वर्षं, कारण वर राहणाऱ्याला खाली उघडं दुकान असणं म्हणजे काय ते राहिल्यावर कळतं, पार्सल घ्यायला माणूस आहे, संध्याकाळी उजेड आहे, मुलगी शाळेतून आली की खिडकीतून त्याला हात करते. आणि उलट बाजूने, आमच्या वरच्या खिडक्यांना दिवे लागायला लागल्यावर समोरच्या कॅफेवाल्या बाई म्हणाल्या की हिवाळ्यात त्यांनाही आता सहापर्यंत उघडं ठेवायला बरं वाटतं. टाऊन सेंटर फर्स्ट नावाचं सरकारचं धोरण फेब्रुवारी २०२२ मधे आलं त्यात हेच सगळं लिहिलंय, माणसं मध्यवस्तीत राहायला आणा म्हणजे दुकानंही जगतील. मग त्याच धोरणाखाली घर राहतं करणाऱ्याने खालचं दुकानही चालू ठेवलं तर त्याला थोडे जास्त द्या, कमी का.

ज्यांना स्वतः राहायचं नाही, फक्त वडिलोपार्जित किंवा घेऊन ठेवलेलं घर बंद आहे, त्यांनी रिपेअर अँड लीज ही दुसरी स्कीमही बघा. वॉटरफर्ड आणि कार्लोमधे आधी करून बघितली, २०१७ पासून सगळीकडे आहे. त्यात कौन्सिल दुरुस्तीला ८० हजार युरोपर्यंत बिनव्याजी देते आणि त्या बदल्यात घर पाच ते पंचवीस वर्षं सोशल हाउसिंगला, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना राहायला द्यायला, घेते, पैसे भाड्यातून फिटतात. या स्कीममधे देशभरात जेवढी घरं झाली त्यातली जवळपास निम्मी एकट्या वॉटरफर्डमधे झालीत, तिथे मध्यवस्तीतल्या दुकानांवरच्या किती माड्या उघडल्या ते जाऊन बघण्यासारखं आहे. नियम सगळ्यांना तेच, पैसे तेच, फरक फक्त तिथल्या कौन्सिलने माणसं लावून मालकांच्या मागे लागून ते करून घेतलं एवढाच.

शेवटचं, सही करायच्या आधी वाचायचं कलम. ग्रँट घेतली की घरावर कौन्सिलचा बोजा चढतो. पाच वर्षांच्या आत विकलं किंवा राहणं-भाड्याने देणं थांबवलं तर ग्रँटची पूर्ण रक्कम परत, पाच ते दहा वर्षांत ७५ टक्के, दहा वर्षांनंतर काही नाही. आपल्यातले बरेच जण दोन-तीन वर्षांत डब्लिन किंवा परत पुणे असा विचार करत असतात, त्यांनी या वाटेला जाऊ नये. दहा वर्षं एका जागी राहायची तयारी असेल, हाताशी बचत असेल किंवा क्रेडिट युनियनशी बोलणं झालं असेल, आणि चुन्याचं काम येणारा गवंडी नंबरसकट मिळाला असेल तर बिनधास्त करा, गवंडी आधी शोधा आणि घर नंतर, कारण घरं पुष्कळ आहेत आणि तशी माणसं बोटावर मोजण्याइतकी उरलीत, आमच्यावाल्याची पुढच्या वर्षाची पण तारीख भरलेली आहे.